ग्रुपवर न टाकलेली ओळ

अमेरिकेत, प्लेनोमधल्या आमच्या घरासमोर सात वर्षं एक बाई राहत होती. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, कृष्णवर्णीय. यातला शेवटचा शब्द मी त्या सात वर्षांत तिच्याबद्दल बोलताना एकदाही वापरला नाही आणि त्याचा मला कोण अभिमान होता! पुण्याहून कुणी फोनवर विचारलं, "शेजार कसा आहे गं?" की मी सांगायचे, "छान आहे, एक शिक्षिका राहतात समोर." पुढचं सांगायची गरजच काय, असं मला वाटायचं. आपण बाई पुढारलेल्या.

आता त्या घरात एक तरुण जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, येता-जाता हात करतात. पण संध्याकाळी लॅपटॉप मिटून मी सिंकपाशी उभी राहिले, की खिडकीतून नजर अजूनही आधी त्या पोर्चकडे जाते. मला तिची आठवण येते. रोज येते, हे सरळच सांगून टाकते.

आमची ओळख माझ्या फजितीतून झाली. घर घेऊन दोन आठवडे झाले होते, लेक सहा वर्षांची, शाळा नुकतीच सुरू झालेली. मी टोलवेवर अपघातामुळे अडकले आणि स्कूलबसनं पोरीला बंद दारासमोर उतरवलं. मी तासाभरानं धापा टाकत पोचले, तर लेक फुटपाथच्या कडेला बसून टरबूज खात होती आणि शेजारी ही बाई छत्री धरून बसली होती. ऑगस्टचं टेक्सासचं ऊन. मी आभार मानले आणि म्हटलं, "आत न्यायचं ना तिला, एसीत!" ती म्हणाली, "नाही. परक्याची पोर. सगळ्यांना दिसेल असंच बसलेलं बरं." मला वाटलं, काय कडक शिस्त आहे मास्तरीणबाईंची! तिनं मला पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं, हे कळायला मला पुढची कित्येक वर्षं लागली.

महिन्याभरात लेक तिला मावशी म्हणायला लागली. आमच्या घरी आईच्या वयाच्या पुढच्या सगळ्या बायका मावशी नाहीतर काकू, त्यात वेगळं काही नव्हतं. पण हिला तो शब्द आवडला. शाळा सुटल्यावर लेक तिच्याकडे असायची. तिच्यामुळे पोरीला पाढे आले, विणकाम आलं आणि मोठ्यांशी डोळ्यांत बघून बोलायची सवय लागली. एक जानेवारीला ती चवळी शिजवायची, वर्ष चांगलं जावं म्हणून. पहिल्या वर्षी तिनं वाडगं आणून दिलं तेव्हा मी त्यात चमचाभर गोडा मसाला आणि गूळ घालून तिला परत चाखायला दिलं. तिनं चव घेतली, डोळे मिटले आणि म्हणाली, "माझ्या आईला सांगू नकोस, पण हे जास्त चांगलं आहे." तिची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. आम्ही दोघी एवढ्या हसलो, की नवरा वरून खाली आला.

तिच्या दारावर फुगे, आमच्या दारावर तोरण, असे सण जायचे. माझी सख्खी बहीण बारा हजार किलोमीटरवर होती आणि तिच्याशी मी पंधरा दिवसांतून एकदा बोलायचे. हिच्याशी रोज. माझ्या नोकरीतली कपात, व्हिसाच्या चकरा, नवऱ्याचं ऑपरेशन, सगळं तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोलून झालं. तिचं किती बोलून झालं, हे आता मोजायला बसले तर फार थोडं निघतं. मी विचारलंच नव्हतं. मी विचारत नव्हते तो माझा मोठेपणा होता ना!

आमच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम जानेवारीत असतो. त्याच सुमारास इथे नागरी हक्कांच्या लढ्यातल्या त्या थोर नेत्याच्या जयंतीची सुट्टी येते. एका वर्षी कुणीतरी टूम काढली, की मुलांची वक्तृत्व स्पर्धा त्यांच्यावरच ठेवू. भाषण निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. आता वक्तृत्व स्पर्धेत बोलतात मुलं आणि स्पर्धा करतात आया, हे काही नव्यानं सांगायला नको. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. मी तीन रविवार खर्ची घातले. माणसाला कातडीच्या रंगावरून जोखू नका, असं सांगणारं त्या नेत्याचं जगाला पाठ असलेलं ते एक वाक्य घेतलं आणि त्याच्याभोवती भाषण रचलं. शेवटी माझी स्वतःची भर. लेकीनं छातीवर हात ठेवून म्हणायचं, "माझी एक मावशी आहे. ती आमच्यापेक्षा वेगळी आहे हे मला कधी दिसलंच नाही, कारण माझ्या आईबाबांनी मला रंग बघायला शिकवलंच नाही."

आणि हे ऐकायला मी मावशीला घेऊन गेले. पुढच्या रांगेत बसवलं. संक्रांत म्हणून आम्ही सगळ्या काळ्या साड्यांत, ती निळ्या सुटात, चर्चला घालायची टोपी घालून. लेकीचं शेवटचं वाक्य झालं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की माझे डोळे भरून आले. पहिला नंबर अर्थातच आमचा. मंडळातले एक काका, सगळ्या कार्यक्रमांत पुढे असणारे, मुद्दाम तिच्यापाशी आले. तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, दोन्ही हातांनी तिचा हात दाबला आणि म्हणाले, "वी आर ऑल वन फॅमिली."

परत येताना गाडीत ती टोपी काढून मांडीवर घेऊन बसली होती. लेक मागे ट्रॉफी मांडीवर घेऊन झोपली होती. शेवटी मीच विचारलं, "कसं वाटलं?"

"पोरगी सुंदर बोलली," ती म्हणाली. मग टोपीची कड नीट करत, "तुमच्या भाषणातला माणूस फार गोड होता. माझ्या वडिलांनी घरात ज्याचा फोटो लावला होता, तो एवढा गोड नव्हता. तो मजुरीबद्दल बोलायचा, घरांबद्दल बोलायचा. मारला गेला तेव्हा तो सफाई कामगारांच्या संपासाठी त्या गावात गेला होता. वडील आम्हाला ते सांगायचे. तुमचं ते वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही."

मी म्हटलं, "पण सगळे सारखे, हेच तर म्हणणं होतं ना त्यांचं?"

तेव्हा तिनं तिच्या गावातल्या पोहण्याच्या तलावाची गोष्ट सांगितली. ती दहा वर्षांची होती. तलाव गोऱ्या मुलांसाठी होता. मग कायदा आला, की सगळ्यांना येऊ द्या. गावानं काय केलं, तर ट्रक भरभरून माती आणली आणि तलाव बुजवला. वर हिरवळ लावली. "आता कुणालाच तलाव नाही, म्हणजे सगळे सारखे झाले, असं म्हणायचे," ती म्हणाली. "मला अजून पोहता येत नाही."

खरं सांगते, मला राग आला. एवढं पोरीनं तुझ्यावर भाषण केलं, बक्षीस मिळवलं, आणि तुला तलाव आठवतोय! मी तोंडानं "किती वाईट" म्हणाले आणि रेडिओ लावला. आज तो रस्ता, तो सिग्नल, तिच्या मांडीवरची ती टोपी मला जशीच्या तशी दिसते. रेडिओ बंद करून "मग पुढे काय झालं?" एवढं विचारायला मी काहीही देईन.

त्याच वर्षी जूनमध्ये आम्ही पाच आठवड्यांसाठी पुण्याला निघालो. ज्यांचं टेक्सासमध्ये घर आहे त्यांना कढीपत्ता म्हणजे काय ते माहीत असतं. थंडीत गॅरेजमध्ये न्यायचा, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी, वर त्याच्याशी बोलायचं. माझी चार मोठी झाडं मागच्या अंगणात होती आणि आत तुळस, मनी प्लांट वगैरे गोतावळा. किल्ली दरवर्षीप्रमाणे मावशीकडे. आमच्या भागातल्या मराठी मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी निघायच्या आदल्या दिवशी टाकलं, की आम्ही पुण्याला चाललो आहोत, कढीपत्ता भरपूर आलाय, मागच्या फाटकाला कुलूप नाही, खुशाल तोडून न्या.

मावशी समोरच बसली होती. लेक तिच्या केसांशी खेळत होती. तिनं विचारलं, "काय लिहिलंस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "आणखी एक ओळ टाकशील? की मी पाणी घालायला येणार-जाणार आहे. हवा तर माझा फोटोही टाक."

मी हसले. अगदी मोकळेपणानं, लाडानं हसले. "अगं, कशाला? आमच्यात कुणी तसलं काही बघत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती "ओके" म्हणाली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. फोन माझ्या हातातच होता.

पुण्यात दुसऱ्या आठवड्यात सकाळी सहाला मी चहा टाकला आणि सायलेंटवर ठेवलेला फोन बघितला. अकरा मिस्ड कॉल, सगळे मावशीच्या फोनवरून. प्लेनोत संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मी फोन लावला तर पलीकडून पोलीस बोलला. "मॅडम, तुमच्या घरात एक बाई सापडली आहे. तुम्ही तिला ओळखता का?"

झालं होतं असं. ते काका कढीपत्ता न्यायला आले. फाटक उघडून आत आले आणि काचेच्या दारातून त्यांना स्वयंपाकघरात एक काळी बाई दिसली. ती झारीत पाणी भरत होती. ते तसेच गाडीत जाऊन बसले, दारं लॉक केली आणि पोलिसांना फोन केला. दोन गाड्या आल्या. तिला हात दिसतील असे धरून बाहेर बोलावलं आणि ड्राइव्हवेवर उभं केलं, तिच्या घरातल्या सपाता पायात, सत्तरीची बाई. ती सांगत होती, मी समोर राहते, ते माझं घर, ओळखपत्र आत टेबलावर आहे. ते आणायला तिला जाऊ दिलं नाही. चाळीस मिनिटं. आमची सबंध गल्ली तेव्हा ऑफिसातून घरी येत होती.

ज्या हातावर त्यांनी जानेवारीत तिळगूळ ठेवला होता, तो हात वर धरलेला काकांनी गाडीतून बघितला. चेहराही बघितला. त्यांना ती ओळखूच आली नाही.

मी पोलिसाला हजारदा सांगितलं, किल्ली मी दिली आहे. मग तिच्याशी बोलले. मी रडत होते, ती नव्हती. ती म्हणाली, "ऐक. आणखी तीन आठवडे आहेत. झाडं मी मरू देणार नाही. मला एक पत्र पाठव. तुझा पत्ता, फोन नंबर, मला घरात यायची परवानगी आहे असं. माझं वर्णन लिही."

"काय वर्णन लिहू?"

"वय लिही. उंची लिही. काळी, असं लिही."

मी वडिलांच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसून ते पत्र टाइप केलं. ज्या शब्दाला इतकी वर्षं तोंडाबाहेर पडू दिलं नव्हतं, तो मी शेवटी पोलिसांना ओळख पटावी म्हणून लिहिला. पत्र तिनं छापून घेतलं आणि पुढचे तीन आठवडे आमच्याकडे येताना रोज खिशात ठेवलं.

मी काकांना फोन केला. तावातावानंच केला. त्यांना वाईट वाटलं होतं, खोटं नाही बोलणार. पण ते म्हणाले, "वहिनी, मला कसं कळणार? तुम्ही ग्रुपवर काही टाकलं नव्हतं. आणि प्लीज, हा कलरचा इश्यू करू नका. आपण ते बघतच नाही. कुणीही असतं तरी मी कॉल केला असता." आदल्याच आठवड्यात आमच्याच ग्रुपमधल्या एक काकू अंगणात शिरून पिशवीभर कढीपत्ता घेऊन गेल्या होत्या. शेजाऱ्यांनी त्यांना बघून हात केला होता. मला काकांना हे सुनावायचं होतं, पण मी नुसतं "बरं" म्हणाले. ते जे म्हणत होते ते माझंच वाक्य होतं. मीच लिहिलं होतं, तीन रविवार बसून.

फोन ठेवला तर लेक दारात उभी. "आई," ती म्हणाली, "शी आस्क्ड यू. तिनं तुला विचारलं होतं. आय वॉज राइट देअर."

त्या दुपारी मला हॉस्टेलमधली माझी जोडीदारीण आठवली. लातूरकडची, हुशार, अबोल. पहिल्या आठवड्यात तिनं तिच्या पलंगावर कोट घातलेल्या, हातात पुस्तक धरलेल्या बॅरिस्टरांची तसबीर लावली. मी अगदी मायेनं तिला म्हणाले होते, "अगं, इथे आपण जातपात मानत नाही. मग हे कशाला?" तिनं दुसऱ्या दिवशी तसबीर काढून ट्रंकेत ठेवली. माझ्या पलंगावर गणपतीचं कॅलेंडर होतं, ते चारही वर्षं तिथेच राहिलं. ती माझ्याशी नेहमी नीट वागली. लग्नाला मात्र तिनं मला बोलावलं नाही आणि मी वर्षानुवर्षं म्हणत राहिले, काय विचित्र मुलगी.

आम्ही परतलो तेव्हा कढीपत्ता कमरेच्या वर गेला होता. किल्ली ओट्यावर होती आणि तिच्याखाली घडी घालून घालून मऊ झालेलं ते पत्र. मी तशीच, जेटलॅगमध्ये, तिच्या दारात गेले. माफी मागितली. तिनं मला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं, चहा दिला. त्यानंतरही चवळी आली, माझी खिचडी गेली, पण ती आता दारातूनच वाडगं देऊन "ओव्हनमध्ये काहीतरी आहे" म्हणत परत जायची. पुढच्या वसंतात तिनं घर विकलं. गुडघे, जिना, असं म्हणाली. असेलही. मला विचारायचा धीर झाला नाही, आणि या वेळी त्याला मोठेपणा म्हणायची सोय नव्हती.

ती आता इथून अडीच तासांवर, तिच्या मूळ गावाजवळ राहते. लेक तिच्याशी दर रविवारी फोनवर बोलते. भिंतीपलीकडून मला दोघींचं हसणं ऐकू येतं. कधी लेक बराच वेळ नुसती ऐकत असते, मध्येच "देन व्हॉट हॅपन्ड?" विचारते. मी कपड्यांच्या घड्या घालत तिथेच रेंगाळते. शब्द कळत नाहीत. दार लोटून आत जावं, पलंगावर बसावं, म्हणावं मलाही सांगा. पण फोन तिला आलेला असतो.

गेल्या शरद ऋतूत लेक म्हणाली, "मावशीनं बोलावलंय, ड्राइव्ह करशील?" मी आदल्या दिवसापासून तयारीला लागले. खिचडी, चिवडा, कढीपत्त्याचं एक रोप. तिथे पोचल्यावर तिनं लेकीला इतका वेळ मिठीत धरून ठेवलं, की मला रोप हातात घेऊन उभं राहावं लागलं. मग मलाही जवळ घेतलं. ती बारीक झाली आहे. तिच्या अंगाला तोच वास येतो, लव्हेंडरचा आणि तळलेल्या कांद्याचा. मला तो सोडवेना. स्वयंपाकघरात दोघीच असताना मी पुन्हा सुरू केलं, "मला एकदा नीट सांगायचंय, त्या वेळी मी—"

"तू तेव्हाच सॉरी म्हणालीस," ती म्हणाली. "मी ऐकलं." आणि ग्लासांचा ट्रे माझ्या हातात दिला.

पोर्चवर तिची तिथली शेजारीण आली होती, तिच्याच वयाची, काठी टेकत आलेली. मावशीनं लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी भाची," ती म्हणाली. तो शब्द तिनं मराठीतच म्हटला आणि मग त्या बाईला समजावून सांगितला. नंतर माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि ही तिची आई. माझ्या जुन्या घरासमोर राहायची."

ती म्हातारी माझ्याकडे बघून प्रेमानं हसली. "म्हणजे तुम्ही दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत असाल."

मी मावशीकडे बघितलं. ती लेकीच्या ग्लासात लेमोनेड ओतत होती आणि तिनं मान वर केली नाही.

"ती मला ओळखते," मी म्हणाले.